मुफलिस कोण?

२०२० सालची रमजान ईद आमच्या कोन गावात आली तशी गेली. मे महिन्याची २५ तारीख होती. मशिदीला कुलूप, ईदगाहवर जाणे बंद आणि गळाभेट तर गुन्हाच ठरलेली. एरवी दुर्गाडीच्या पुलावर कल्याणकडे जाणाऱ्या रिक्षा-टेम्पोंची रांग तुटत नाही; त्या दिवशी पुलावर दोन पोलीस आणि पुष्कळ कावळे होते. भिवंडीचे माग थंड पडले होते. ते माग चालवणारे कारागीर बायकामुलांसह, डोक्यावर बोचकी घेऊन, पायी आपल्या मुलखाला निघालेले साऱ्यांनीच पाहिले होते. त्यामुळे शीरखुर्मा गोड लागत नव्हता. नमाज घरातच झाली, पुढच्या खोलीत. भाच्याने इमामत केली, आम्ही मागे उभे राहिलो.

आमची थोरली बहीण आमच्याच घरात राहते. सारा मोहल्ला तिला आपा म्हणतो, म्हणून आम्हीही आपाच म्हणतो. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, गोदामात सुपरवायझर आहे. गोदाम बंद, पगार अर्धा आणि वेळ मात्र भरपूर. ईदनंतर आठ-दहा दिवसांनी एका रात्री इशाची नमाज झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, "मामू, आर्मस्ट्राँगवर नवीन माहितीपट आलाय. अम्मीलाही बोलवा. तिचा पट्टेवाला."

"तिचा पट्टेवाला" म्हणजे काय, ते सांगायला हवे. त्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागेल.

२००५ साली आपाच्या छातीत गाठ निघाली. तिने ती सहा महिने लपवून ठेवली होती. आमच्या बायका असले दुखणे कोणाला सांगत नाहीत. लाज वाटते, आणि लाजेपेक्षा घरच्यांच्या खर्चाची भीती अधिक वाटते. अखेर परळच्या टाटा हॉस्पिटलात नेले. ऑपरेशन झाले, मग किमो सुरू झाली. पहाटे फजर आटोपून रिक्षाने पूल ओलांडायचा, कल्याणहून गाडी धरायची, परळला उतरायचे आणि संध्याकाळी उलट्या करत परत यायचे. त्या वर्षीच्या २६ जुलैच्या पावसात गाड्या बंद पडल्या, खाडीचे पाणी वर चढले आणि तिची एक तारीख चुकली. केस गेले. ओढणीच्या आत डोके झाकून ती खिडकीशी बसून राही. कोणाशी बोलत नसे.

भाचा तेव्हा कॉलेजात होता. सायकलवेडा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची बातमी कापून वहीत चिकटवणारा. त्याने एके दिवशी कल्याण स्टेशनाबाहेरून दहा रुपयांना एक, असे रबराचे दोन पिवळे पट्टे आणले. एक स्वतःच्या मनगटात घातला, दुसरा आईच्या. मग त्याने तिला सांगितले, की लान्स आर्मस्ट्राँग नावाचा एक अमेरिकन सायकलपटू आहे. १९९६ साली, वयाच्या पंचविशीत, त्याला कॅन्सर झाला. तो फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. तो वाचला आणि तीन वर्षांनी जगातली सर्वांत कठीण सायकल शर्यत जिंकला. एकदा नाही, सलग सात वेळा. सातवी तर या २४ जुलैला, पावसाच्या दोन दिवस आधी.

आपाने ऐकून घेतले. ती काही बोलली नाही, पण पट्टा काढलाही नाही. एका हातात तसबीह, दुसऱ्या मनगटात पट्टा. आमच्या एका शेजाऱ्याने विचारलेही, की हा कसला तावीज? आपा म्हणाली, "तावीज नाही, एका आजाऱ्याची दुसऱ्या आजाऱ्याला खूण आहे."

तो पट्टा अस्सल नव्हता हे सांगायला नको. अस्सल पट्टे २००४ च्या मे महिन्यात आर्मस्ट्राँगच्या संस्थेने नायकी कंपनीच्या मदतीने काढले. किंमत एक डॉलर. आधी ५० लाख विकायचे ठरले होते. पुढे ८ कोटींवर खपले. त्यांच्या नकला आमच्या स्टेशनापर्यंत पोहोचल्या, यावरूनच तो माणूस केवढा मोठा झाला होता ते कळेल.

आपा बरी झाली. अल्लाहचा फजल, डॉक्टरांची मेहनत. पट्टा मात्र तिने पुढे सात वर्षे मनगटावर ठेवला. २०१२ च्या ऑक्टोबरात भाच्याने वर्तमानपत्र आणून तिच्यासमोर ठेवले, तेव्हा तिने तो शांतपणे काढला आणि शिलाई मशीनच्या खणात टाकून दिला. त्यावर घरात चर्चा झाली नाही. माहितीपटाच्या निमित्ताने ती आठ वर्षांनी झाली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टूर द फ्रान्स ही शर्यत साधारण तीन आठवडे चालते. एकवीस टप्पे आणि सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. त्यात आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. आमच्या बोरघाटात सायकल चढवताना छाती फुटायची वेळ येते; तिथे एका दिवसात तसे तीन-चार घाट चढायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. शरीराला प्राणवायू पुरवतात त्या रक्तातल्या तांबड्या पेशी. त्या वाढवणारे एक औषध आहे, एरिथ्रोपोएटिन. सगळे त्याला ईपीओ म्हणतात. ज्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आहे त्यांना ते देतात, आणि किमोने रक्त उतरलेल्या आजाऱ्यांनाही देतात. आपाचे हिमोग्लोबिन खाली गेले, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या महागड्या इंजेक्शनाचे नाव हेच होते. ते आणायला आम्ही बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. जे औषध आमच्या बहिणीला जिन्यावरून वर चढता यावे म्हणून दिले गेले, तेच धडधाकट माणसे डोंगर चढण्यासाठी टोचून घेत होती, हे कळायला आम्हाला माहितीपट पाहावा लागला.

आर्मस्ट्राँग ईपीओ घेत होता. स्वतःचे रक्त काढून साठवून शर्यतीच्या वेळी पुन्हा चढवत होता. त्याखेरीज टेस्टोस्टेरोन, कॉर्टिसोन. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२ साली २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी गोळा केल्या. त्यांत त्याच्या संघातले अकरा साथीदार होते. त्याला तहहयात बंदी झाली, साती किताब गेले, नायकीनेही हात काढून घेतला. २०१३ च्या जानेवारीत ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने कबुली दिली. त्या सात वर्षांच्या विजेत्याच्या रकान्यात आज कोणाचेच नाव नाही. दुसऱ्या क्रमांकाला वर सरकवावे, तर तोही त्याच पंक्तीतला निघत होता. १९९९ ते २००५ या काळात पहिल्या तिघांत आलेल्या २१ जागांपैकी २० जागांवरच्या माणसांचा उत्तेजकांशी संबंध जोडला गेला, असे त्या संस्थेनेच म्हटले आहे.

त्याच्यावर पहिला गाजलेला माहितीपट अॅलेक्स गिब्नीने २०१३ साली काढला, 'द आर्मस्ट्राँग लाय'. गिब्नी २००९ मध्ये त्याच्या पुनरागमनाची स्फूर्तिदायक गोष्ट चित्रित करायला गेला होता. मध्येच सारे उघडकीला आले आणि त्याला आपलाच चित्रपट नव्याने उभा करावा लागला. आपणही भुललो होतो, असे तो त्यात उघड सांगतो. दुसरा, मरिना झेनोविचचा 'लान्स', दोन भागांचा. अमेरिकेत २०२० च्या मे महिन्यात २४ आणि ३१ तारखेला दाखवला गेला. पहिला भाग तिथे दिसत होता तेव्हा आमच्याकडे ईदची सकाळ उजाडत होती. भाच्याने तो कुठून तरी मिळवला आणि आम्ही पुढच्या खोलीत बसून पाहिला. भाचा इंग्रजी थांबवून थांबवून मराठीत सांगत होता.

पडद्यावरचा माणूस आता पन्नाशीकडे झुकलेला. तो पुष्कळ काही सांगून टाकतो. एकविसाव्या वर्षापासूनच घेत होतो, असे सांगतो. त्याचा जुना जर्मन प्रतिस्पर्धी यान उलरिख पुढे आयुष्यातून घसरला, त्याच्याविषयी बोलताना त्याचा गळा भरून येतो. पण ज्याने २०१० साली सारे फोडले, त्या फ्लॉइड लँडिसचे नाव निघताच चेहऱ्यावर तुच्छता येते. लँडिसनेही औषधे घेतली होती, तोही किताब गमावून बसला होता. तरी एकासाठी अश्रू आणि दुसऱ्यासाठी तिटकारा.

यावर जगभर लोक जे बोलले ते भाचा मोबाईलवर वाचून दाखवत होता. ढोबळमानाने दोन तट होते. एक म्हणे, या माणसाला पश्चात्ताप नाही, याला पडदा देऊच नये. दुसरा म्हणे, सगळेच घेत होते, मग याच्या एकट्याच्याच मानगुटीवर का बसता? निदान कॅन्सरच्या आजाऱ्यांसाठी एवढे पैसे तरी उभे केले ना?

आमच्या खोलीतही तेच दोन तट पडले. भाचा म्हणाला, "सगळेच घेत होते, मग शर्यत बरोबरीचीच झाली की." बायको म्हणाली, "खोट्याच्या पैशाने दवाखाना बांधला तर तो हलाल होतो काय?" आम्ही वयाने मोठे, त्यामुळे मध्यम मार्ग काढला. म्हणालो, "माणसाने चूक कबूल केली. तौबेचा दरवाजा अल्लाहने बंद केलेला नाही, मग आपण कोण बंद करणारे?"

हे वाक्य आम्हाला फार आवडले. चारचौघांत टाळी घेणारे होते. पण ते बोलताना आम्हाला चार वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली, आणि ती आठवण काही चांगली नव्हती.

२०१६ चा जुलै. नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात बातमी येऊन धडकली, की नरसिंग यादव उत्तेजक चाचणीत सापडला. नरसिंग म्हणजे आपला माणूस. जोगेश्वरीत वाढलेला दूधवाल्याचा मुलगा, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्याने ७४ किलो गटात भारतासाठी ऑलिंपिकची जागा आणली. सुशीलकुमारने निवड चाचणीची मागणी घेऊन दिल्ली उच्च न्यायालय गाठले, तिथेही नरसिंगची जागा टिकली. आणि रिओला निघायच्या तोंडावर ही बातमी. २५ जून आणि ५ जुलै, दोन्ही नमुन्यांत मिथॅन्डिएनोन.

हॉटेलात एकच शब्द फिरला, "साजिश!" कोणीतरी त्याच्या खाण्यात कालवले. नरसिंगचेही तेच म्हणणे होते. १ ऑगस्टला आपल्या देशातल्या संस्थेने ते मानले आणि त्याला सोडले, तेव्हा नाक्यावर चहा फुकट वाटला गेला. पण जागतिक संस्था वरच्या क्रीडा लवादाकडे गेली. लवादाला कटाची गोष्ट पटली नाही. १८ ऑगस्टला रिओतच चार वर्षांची बंदी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची कुस्ती होती.

खरे काय ते त्याला आणि त्याच्या रबला ठाऊक. नरसिंगने गुन्हा कधी कबूल केला नाही, आणि लवादाने त्याचे ऐकले नाही. आम्ही त्याचा न्याय करायला बसलेलो नाही. आमचे म्हणणे आमच्याविषयी आहे. बातमी आल्यापासून पाच मिनिटांत, एकही कागद न पाहता, आमच्या साऱ्या हॉटेलने निकाल दिला होता. तोच पैलवान दुसऱ्या राज्याचा असता, तर निकाल उलटा असता. आपला असला की साजिश आणि परका असला की बेईमान. औषधाचे नाव उच्चारता येत नव्हते, पण निकाल तयार होता.

त्या हॉटेलात त्या संध्याकाळी एक तरुण चहा घेत उभा होता. टेम्पो चालवतो, गोदामांचा माल ने-आण करतो. सगळे "साजिश, साजिश" म्हणत असताना तो हसला. बोलला काही नाही. आमच्याकडे एकदा पाहिले, चहाचे पैसे ठेवले आणि निघून गेला. ते हसणे आम्हालाच समजले होते.

माहितीपटाकडे परत येतो. आपा इतका वेळ काही बोलली नव्हती. लॅपटॉप बंद झाल्यावर तिने एवढेच विचारले, "त्या बायकांचं काय झालं?"

"कोणत्या बायका?" आम्ही विचारले.

"ज्या खरं बोलल्या होत्या त्या."

मग भाच्याने सांगितले. एमा ओरायली ही आयर्लंडची. आर्मस्ट्राँगच्या संघात सायकलपटूंचे अंग रगडून देण्याचे काम करायची. १९९९ च्या शर्यतीत त्याच्या नमुन्यात कॉर्टिसोन सापडले, तेव्हा जखमेच्या मलमाची मागची तारीख घातलेली चिठ्ठी डॉक्टरकडून कशी तयार करून घेतली, ते तिने पत्रकार डेव्हिड वॉल्शला सांगितले. २००४ साली ते पुस्तकात आले. आर्मस्ट्राँगने तिला दारुडी म्हटले, वेश्या म्हटले, कोर्टात खेचले. दुसरी बेट्सी अँड्रू, त्याच्याच एका साथीदाराची बायको. १९९६ साली हॉस्पिटलच्या खोलीत त्याने डॉक्टरांसमोर औषधांची नावे घेतलेली तिने ऐकली होती. तिने शपथेवर तसे सांगितले. तिला त्याने वर्षानुवर्षे वेडी आणि मत्सरी ठरवले.

बायकाच होत्या असे नाही. क्रिस्तोफ बासोन हा फ्रेंच सायकलपटू १९९९ च्या शर्यतीत असतानाच वर्तमानपत्रात उत्तेजकांबद्दल लिहीत होता. आल्प द्युएझच्या टप्प्यात आर्मस्ट्राँगने सायकल त्याच्या शेजारी आणून त्याला शर्यत सोडून जायला सांगितले. बाकीच्यांनी, त्याच्या स्वतःच्या संघानेही, त्याला वाळीत टाकले. काही दिवसांत तो निघून गेला. आणि इटलीचा फिलिप्पो सिमेओनी, ज्याने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. २००४ साली तो पुढे निसटला, तेव्हा पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या पाठलागाला गेला आणि त्याला मागे आणूनच थांबला. मग कॅमेऱ्याकडे पाहून ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. तोंड बंद ठेवा, असा त्याचा अर्थ.

"मग त्याने माफी मागितली का?" आपाने विचारले.

"ओप्राच्या मुलाखतीआधी बेट्सीला फोन केला होता. पण तिच्याशी समेट झाला का, असं ओप्राने विचारलं, तेव्हा नाही म्हणाला. एमाला पुढे जाऊन भेटला. तिने माफ केलं."

आपा म्हणाली, "दोघींचंही बरोबर. ज्याचा हक त्याची मर्जी." मग आमच्याकडे वळली. "तू तौबेचा दरवाजा म्हणालास. पण तो दरवाजा अल्लाहच्या हकाचा. हक्कुल-इबादचा दरवाजा त्या बाईच्या घराचा आहे. तो बाहेरून कोण उघडणार? टीव्हीसमोर बसलेले?"

आपा सातवी शिकलेली. पण मोहल्ल्यातल्या बायकांना ती कुरआन शिकवते, आणि हदीस तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक. तिने मुफलिसची हदीस आठवून दिली. सहीह मुस्लिममध्ये ती हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आली आहे. रसूलुल्लाहांनी (स.) साथीदारांना विचारले, की मुफलिस कोण हे तुम्हाला ठाऊक आहे का? ते म्हणाले, ज्याच्याकडे ना दिरहम ना सामान, तो. तेव्हा आपण फर्मावले त्याचा आशय असा, की माझ्या उम्मतचा मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर तोहमत घेतली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल. मग त्याच्या नेक्या त्या लोकांत वाटल्या जातील. नेक्या संपल्या आणि देणे उरले, तर त्या लोकांचे गुनाह याच्या माथी येतील.

ही हदीस आम्ही किती जुम्यांना ऐकली असेल. पण ती सायकलवाल्याला लावून पाहिली नव्हती. "सगळेच घेत होते" हे औषधापुरते ठीक असेल. तो हिशेब त्याचा, खेळाचा आणि फसलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा. पण सगळेच काही एमाला वेश्या म्हणत नव्हते. आणि कॅन्सरच्या आजाऱ्यांसाठी जमवलेली रक्कम? ती नेकीच होती. आपाच्या मनगटावरचा पट्टा नकली होता, देणारा खोटारडा होता, तरी तिला खिडकीपासून उठवण्यात त्याचाही वाटा होता, हे आपाही नाकारत नाही. पण नेकीचे गाठोडे केवढेही मोठे असले, तरी देणेकरी दारात उभे असले की ते सुटतेच. आम्ही प्रेक्षक मात्र गाठोड्याकडे पाहून निकाल देतो. कोणी म्हणतो मोठे आहे, माफ करा. कोणी म्हणतो चोरीचे आहे, माफ करू नका. दाराबाहेर उभे असलेल्यांना कोणी विचारत नाही. आपले जणू काही लुटलेच गेले नाही, किंवा सगळे आपलेच लुटले गेले, अशा थाटात आपण बोलत असतो.

आपा झोपायला गेली. आम्हाला झोप आली नाही. आता तो टेम्पोवाला तरुण कोण, ते सांगणे भाग आहे.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या परिसरातल्या जुन्या कबड्डीला नवे पंख फुटले. एका संघाच्या कमिटीत आम्हीही होतो. नाव सांगत नाही. वर्गणी गोळा करणे, जर्सी शिवून घेणे, बाहेरगावच्या स्पर्धेला गाडी ठरवणे, ही आमची कामे. संघात सतरा वर्षांचा एक पोर होता. चढाईला गेला की वाऱ्यासारखा. एका रात्री तो आमच्या घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "चाचा, जिममध्ये सीनियर लोक इंजेक्शनं घेतात. मलाही घे म्हणतात. न घेतलं तर खेळवणार नाही म्हणतात."

मोठी स्पर्धा आठ दिवसांवर होती. वर्गणी जमा झाली होती, बॅनर छापून आले होते. आम्ही त्याला आत बोलावले नाही. "तू आपल्या खेळाकडे बघ," एवढे सांगून परत पाठवले. तो आणखी एक-दोघांकडे गेला असावा, कारण बोभाटा झाला. कमिटीची बैठक बसली. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले, कारण पोर आधी आमच्याकडे आला होता. आम्ही म्हणालो, "त्याला पहिल्या सातात घेतलं नाही, म्हणून जळतो आणि बोलतो."

हे खरे नव्हते. तो पहिल्या सातात होता, आणि हे त्या बैठकीत सर्वांना ठाऊक होते. पण सगळ्यांना एक वाक्य हवे होते आणि आम्ही ते पुरवले. त्याच्यामागे "चुगलखोर" हे नाव लागले. त्याला संघातून काढले. पोरे त्याला पाहून ओठांवर बोट ठेवत. त्याने खेळ सोडला, पुढे शाळाही सोडली आणि टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला. इंजेक्शनाचे खरे-खोटे कोणी कधी तपासलेच नाही. संघ त्या स्पर्धेत उपान्त्य फेरीत हरला.

आर्मस्ट्राँगची ओठांवरची ती खूण भाच्याने पडद्यावर थांबवून दाखवली होती. आम्ही तेव्हा पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेलो होतो.

जूनमध्ये बंदी थोडी सैल झाली. एका संध्याकाळी असरनंतर आम्ही तोंडाला रुमाल बांधून त्याच्या घरी गेलो. टेम्पो बाहेर उभा होता, चाकांखाली विटा. त्याने बाहेरच खुर्ची टाकली. आम्ही जे बोलायचे ते बोललो. त्याचे वय आता तेवीसच्या आसपास, पण चेहरा थोराड झालेला. त्याने मध्येच तोडले नाही, पुरते ऐकून घेतले. मग म्हणाला,

"चाचा, माफी तुम्ही इथं मागता, अंगणात. पण बोलला होतात तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होतात."

आमच्याकडे याला उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "मला इंजेक्शनाचं काही वाटलं नाही. मारलं असतं तरी काही वाटलं नसतं. मी सातात होतो, चाचा. ते तुम्हाला माहीत होतं."

नाक्यावरचे हॉटेल पुन्हा सुरू झाले, तेव्हा कमिटीतले तीन-चार जुने लोक चहाला जमले होते. आम्ही त्यांच्यासमोर सांगितले, की २०१४ च्या त्या बैठकीत आम्ही खोटे बोललो होतो, तो मुलगा सातात होता आणि तो जळत नव्हता. क्षणभर सारे गप्प झाले. मग एकाने कप खाली ठेवत म्हटले, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. आणि इंजेक्शनं काय, आजकाल सगळेच घेतात." दुसरा म्हणाला, "पोरगा आता चांगला कमावतो की." आम्हाला लॅपटॉपवरचे ते दोन तट आठवले. कोन असो की अमेरिका, माणसे एकाच घडणीची.

आणि ही गोष्ट जुनीही झालेली नाही. २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत २१३ सदोष निघाले, असे जागतिक संस्थेचे आकडे सांगतात. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत एवढे प्रमाण दुसऱ्या कोणाचे नव्हते. हे आकडे सापडलेल्यांचे. त्यांच्यातल्या किती जणांच्या आसपास एखादा पोर रात्री कोणाच्या तरी दारात येऊन उभा राहिला असेल, आणि त्याला आत बोलावले गेले नसेल, त्याची मोजणी कोणतीही संस्था करत नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या तरुणाला विचारले. तो म्हणाला, "नाव घालू नका. बाकी लिहा. लोकांनी वाचू दे." म्हणून हे इथे, सर्वांसमोर.

त्याने अजून "माफ केलं" असे म्हटलेले नाही. आम्ही त्याला विचारलेलेही नाही. आपाचा पिवळा पट्टा शिलाई मशीनच्या खणात, सुई-दोऱ्यांच्या खाली आहे. भाच्याने एकदा तो टाकून देऊ का म्हणून विचारले होते. आपा म्हणाली, "राहू दे. त्याचा हिशेब अजून चालू आहे, आणि आपलाही."